भोवत्यांची रास

दसरा उलटला की आमच्या भीमपूरकडच्या गवताळ माळावर भोवत्या उतरतात. साधारण घारीएवढे शिकारी पक्षी, पण अंगानं सडपातळ. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातून येतात, दिवसभर कापसावरून टोळ टिपत फिरतात, आणि रात्री माझ्या धाकट्या दिराच्या पडीत गवतात, चक्क जमिनीवर झोपतात. एवढी झाडं असताना जमिनीवर. हे कळल्यापासून माझा तर जीवच जडलाय त्यांच्यावर.

पण दिराला यंदा ते गवत मोडून हरभरा पेरायचा होता. त्याची मुलगी आदिलाबादच्या कॉलेजात शिकवते, ती पाखरांसाठी हट्टाला पेटली. बापलेकीचं असं जुंपलं की विचारू नका. शेवटी तो म्हणाला, "शंभर पाखरं मोजून दाखव. एक जरी कमी भरलं तर उद्या ट्रॅक्टर घालतो."

मोजायला कोण, तर ती, मी, आणि माझी जाऊ, म्हणजे तिची माय. आम्ही दोघी वेचणीवरून तशाच गेलो, कमरेच्या ओटीत कापूस. पोरीनं आभाळाच्या तीन वाटण्या केल्या. "मोठ्याई, तू मावळतीकडचे मोज. माय, तू टेकडीकडचे. गवतात उतरला तोच धरायचा." दीर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला, पंच म्हणून.

जाऊनं आधी चपला काढल्या, आम्हालाही काढायला लावल्या. खळ्यावर ज्वारीची रास मोजताना आमच्याकडे पायात काही घालत नाहीत आणि बोलत तर नाहीतच. बोललं की बरकत जाते म्हणतात.

"आता तोंड बंद ठेवजा, जाऊबाई," ती म्हणाली.

"मले काऊन सांगून राह्यली व?"

"मंग कोणाले सांगू?"

ऊन कलंडलं आणि ते आले. आधी एकटादुकटा, मग कुठूनही. राखाडी नर, तपकिरी माद्या, पंख वर उचलून तरंगत, गवताच्या शेंड्यांना पोट लावत. एक उतरे, दुसरा त्याला उठवून तिथं बसे. एक तर माझ्या डोक्यावरून असा गेला की पदर हलला. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, आणि बोलायची बंदी. मी तोंडात पदर कोंबला आणि बोटांची पेरं मोजत राहिले.

अंधारलं तशी पोरीनं तिघींची बेरीज केली. दोनदा केली.

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली.

मला वाटलं, गेलं गवत.

जाऊ शांतपणे चपला घालत म्हणाली, "शेवटी एक थवा आला होता टेकडीकडून. तो नाई मोजला मी."

"काऊन नाई मोजला, माय?"

"शेवटचं कोणी मोजते काय? बरकतीचं ठेवलं."

पोरीनं कपाळावर हात मारला. "माय, हे ज्वारी हाय काय? किती होते, तेवढं सांग."

"मोजलेच नाई तर सांगू कुठून?"

पोरगी बापाकडे वळली. "बाबा, उद्या पुन्हा मोजतो आमी."

दीरानं गवताकडे पाहिलं. आजवर त्यानं कधी रास तळापर्यंत मोजलेली नाही. खाली सूपभर तरी बरकतीचं म्हणून राहू देतो, आणि त्याला कोणी हात लावला तर जेवत नाही.

"बरकतीचं मोजत नसतेत," तो म्हणाला. मग तिथूनच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. "उद्या नाल्याकडच्या वावरात ये बाप्पा. इकडं नको."

"पण मी आकडा काय लिहू?" पोरीनं विचारलं.

"अठ्ठ्याण्णव लिही. म्होरं लिही, बाकी मायनं ठेवले."

आम्ही तिघी जे हसत सुटलो ते थांबेचना. जाऊ तर धुऱ्यावर बसकण मारून हसत होती. आणि दीर आम्हालाच दटावत होता, "हळू व, हळू. पाखरं निजली."