मांडी घालता येईना तेव्हा

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचा नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलून चालायचा मान आमच्या घराकडं. ती उंच काठी पेलताना सारा भार गुडघ्यावर येतो, आणि माझा नेमका गुडघाच गेला. गाडीतून जोंधळ्याचं पोतं उतरवताना पाय मुरगळला नि आतली शीर तुटली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मांडीतल्या शिरेची पट्टी काढून ती सांधली. प्लास्टर निघालं तेव्हा पायाची नुसती काटकी झाली होती. रोज सकाळी सिस्टर पाय दुमडायला यायच्या आणि मी ओरडून वॉर्ड डोक्यावर घ्यायचो. गुडघा आखडून धरायचो, तो तसूभरही हलायचा नाही. संक्रांत जवळ येत होती. डोळे मिटले की काठीच दिसायची आणि जीव नुसता तळमळायचा.

रागानं मी पूजाही सोडली. मांडी घालता येत नाही, मग पाय पसरून देवापुढं बसायचं कसं? रोज तळहातावर घेऊन पुजायचं ते गळ्यातलं लिंग गळ्यातच राहिलं.

शेजारच्या खाटेवर दुधनीकडचे एक आजोबा होते. त्यांची म्हातारी बायको माझ्याकडं बघत असायची. एकदा तिनं विचारलंच, "पूजा का करंना, यप्पा?" मी वैतागून पाय दाखवला. तर ती हसली.

"देव कुटं हाय तुमचा? तळहातावरच की! मग पायाकडं कशाला बघताय? तुमचा गुडगा मोडलाय त्ये त्याला ठावं न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी पाय उशीवर पसरूनच मी लिंग डाव्या तळहातावर घेतलं. किती दिवसांनी! डोळे भरून आले. तेवढ्यात सिस्टर आल्या. पूजा बघून परत जाऊ लागल्या, मीच मानेनं 'करा' म्हटलं. नजर लिंगावर होती, पाय आखडायचं भानच राहिलं नाही. गुडघा त्या दिवशी पहिल्यांदा वाकला. म्हातारीला सांगावं म्हणून वळलो, तर खाट रिकामी. आजोबांना पहाटेच घरी नेलं होतं. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

संक्रांतीला काठी माझ्या मेहुण्यानं धरली. मी कडेला उभा होतो. काठी समोर आली, "हर्र बोला हर्र" झालं आणि माझा हात आपसूक कमरेकडं गेला; पट्टा नव्हता. दरवर्षी काठी कमरेला घेताना मी काही ना काही मागायचो. त्या दिवशी मागायचंच विसरलो. गर्दीबरोबर खाली बसलो, कपाळ मातीला लावलं. उठल्यावर बायको रडत म्हणाली, "अवो, दोन्ही गुडगे टेकलेत की तुमी!"

गुडघा वाकू लागला, पण मांडी घालण्याइतका किंवा भार पेलण्याइतका झाला नाही; काठी पुन्हा माझ्या कमरेला आली नाही. हुरहूर अजून लागते, आणि ती लागते म्हणून सिद्धेश्वराचे मी उपकारच मानतो. मान होता तेव्हा वर्षातून एकदा मी त्याच्याजवळ जायचो. आता रोज जातो, पाय पसरून.