यादी हातात नेऊन देणारे अण्णा

सांगलीच्या ऑफिसात दुपारी चार वाजता भडंगाची पुडी सुटायची. मला रुजू होऊन दोनच दिवस झाले होते. टेबलावरचा एक छापील कागद ओढून मी त्यावर भडंग ओतणार, तोच समोरून आवाज आला, "आवं बाई, त्या कागदावर न्हाई! त्यो क्लास अजून उपाशी हाय." पाचगणीच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या मला ना ते मराठी नीट कळले, ना तो विनोद. ती नव्वदच्या दशकाची अखेर होती. तो आवाज ज्यांचा, ते लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन दलातून, निवृत्त झालेले, शिराळ्याकडची उसाची शेती भावावर सोपवून शब्दकोशाच्या आधाराने जावा ही संगणकभाषा शिकलेले सुभेदार धोंडिराम मोहिते, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत.

या गौरवग्रंथाचा कच्चा मजकूर मी वाचला. अण्णांच्या लष्करी नोकरीला आठ पाने आहेत, त्यांनी गावात लावलेल्या झाडांना तीन. संगणकाला एक ओळ: 'काही काळ संगणक विभागातही सहकार्य केले.' सहकार्य! संपादक मंडळाने रागावू नये. रागावले मी आहे.

आम्ही रक्तपेढ्यांसाठी रक्तदात्यांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहीत होतो. नोंदी शोधून आणणारे क्लास, म्हणजे प्रोग्रामचे छोटे भाग, आम्ही स्वतः लिहिलेले; त्यांना उभे करणारा ढाचा मात्र बाहेरून विकत आणलेला. तो क्लास उभा करी आणि रिकाम्या हाताने सोडून देई. कोणत्या यादीत शोधायचे, हे क्लासला ठाऊकच नसे. अण्णांनी यावर रिफ्लेक्शन नावाची युक्ती वापरली. तीत चालू प्रोग्राम क्लासच्या आत पाहतो, यादीसाठी राखलेली मोकळी जागा शोधतो आणि हवी ती यादी तिथे ठेवतो: साताऱ्यात साताऱ्याची, सांगलीत सांगलीची, प्रोग्राम तपासून पाहताना सरावाची. मला समजावताना अण्णा म्हणाले, "जवान काडतुसं हुडकत फिरतो व्हय? त्याच्या हातात नेऊन द्यायची असत्यात."

आमच्या वरिष्ठांना हे पटले नाही. "मोहिते, क्लासच्या पोटात हात घालायचा? असलं कुठल्या पुस्तकात आहे?"

"सायब, उपाशी ठेवण्यापरास बरं."

सगळे हसले आणि साहेब अधिकच चिडले. त्यांनी अण्णांचे काम काढून टाकले, प्रत्येक क्लासमध्ये एकाच यादीचे नाव कायमचे लिहिले आणि प्रोग्राम साताऱ्याला पाठवला. ते नाव सरावाच्या यादीचे होते.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. साताऱ्याच्या रक्तपेढीतल्या सिस्टर बोलत होत्या. "गुलाबराव पाटोळे आहेत का? ओ निगेटिव्ह हवंय, बाळंतीण आहे हो, लवकर बोलवा!"

गुलाबराव पाटोळे नावाचे कोणी नव्हतेच. सरावासाठी ते नाव मी रचले होते आणि नंबर आमच्या ऑफिसचाच घातला होता.

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांच्या मशीनवर काढून टाकलेले काम तसेच जपलेले होते, साताऱ्याच्या यादीची प्रतही होती. "सिस्टर, धरून ऱ्हावा." त्याच क्लासला त्यांनी ती यादी दिली. "हां, आता लिव्हा." खऱ्या माणसांची पाच नावे त्यांनी शांतपणे सांगितली. त्यांतले दोघे वेळेत पोचले. बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी मी डोळे पुसत काम करत होते. अण्णांनी भडंगाची पुडी माझ्यापुढे सरकवली. "गुलाबरावांनी धाडलंय. म्हणाले, बाईंनी रडायचं न्हाई."

साहेबांनी अण्णांचे काम गुपचूप परत बसवले आणि अहवालात लिहिले, 'त्रुटी मी दूर केली.' मी भांडायला उठले, तर अण्णांनी मला खाली बसवले. "रगत मिळालं न्हवं, बाई? मग झालं."

नाही झाले, अण्णा. तेव्हा तुमचे ऐकून मी गप्प बसले, याचाही मला राग आहे. म्हणून ती एक ओळ खोडून हा लेख तिथे छापावा.

अण्णांनी शंभरी पाहावी, आणि तेव्हाही शिराळ्याच्या एसटीत कोणाचा हात न धरता चढावे. ग्रंथ तयार झाला की एक प्रत त्या सिस्टरांना द्यावी. एक साहेबांना, याच पानाचा कोपरा दुमडून. भडंगापासून वाचलेला, उपाशी क्लास छापलेला तो कागद माझ्याकडे आहे. अण्णांची नात सांगलीत संगणक शिकवते; तो मी तिला देईन. आणि पहिली प्रत अण्णांची. ती टपालाने धाडू नये, 'येऊन घेऊन जा' असेही कळवू नये. ते मागायला येणार नाहीत. हातात नेऊन द्यावी.