ओटीवरची होडी

बायको पौषात गेली. थोडा ताप, मग छातीत कफ, आणि मुरबाडच्या दवाखान्यातून परत आणली ती झाकूनच. त्यानंतरचा सगळा पावसाळा मी ओटीवरच्या खाटेवर काढला. लावणीला गेलो नाय. भावकीनं माझं शेत लावलं, त्यांनीच तण बेणलं. मी पडून पन्हळीतून पडणारं पाणी बघायचो. शेजारची वैनी ताट आणून ठेवायची आणि तसंच परत न्यायची.

माणूस पडून राहिला की पाय आधी मरतात. बैल नुसता दावणीला बांधून ठेवला तर त्याचं काय होतं ते मला म्हायती होतं. पण आपल्या पायाकडं कोण बघतो?

गणपतीच्या दिवसांत परसात पाय घसरून बसलो. मोडलं काय नाय. पण उठता येईना. धरायला जवळ खांब नाय, झाड नाय. चिखलात बसून राहिलो. हाक मारायची लाज वाटली. शेवटी वैनी धुणं वाळत घालायला आली तेव्हा तिला दिसलो. वैनी म्हणजे माझ्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. तिचं घर माझ्या घराला लागून, मधे फक्त कुडाचं कुंपण.

ती म्हणाली, "काय वो भावजी, काय पेरताय?"

तिनं मला बगलेत हात घालून उचललं आणि पोराला फोन केला.

पोरगा आसनगावला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. कामाला कल्याणला. रविवारी आला, मला शहापूरच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं माझी मांडी दोन बोटांत धरली, कापड विकत घेताना धरतात तशी. म्हणाला, हाडाला काय नाय, मांसच गेलंय. पायात ताकद आणा. खाली बसून आपलं आपण उठता आलं पाहिजे, नायतर एकटं राहू नका.

हे शेवटचं पोरानं बरोबर ऐकलं.

"बाबा, आता बस झालं. घराला कुलूप लावू आणि चला."

"मी नाय येणार."

"परत पडलात तर बघणार कोण?"

"वैनी हाय."

"काकीलाच उठवायला माणूस लागतो."

वैनी दारातच होती. "कोणाला रे माणूस लागतो? तुझा बाप मीच उचललाय, भाताच्या पोत्यासारखा. तू कुठं होतास?"

माझं म्हणणं साधं होतं. बायको याच घरात नांदली, याच दारातून गेली. मी तिकडं जाऊन काय करू? आणि मला त्यांच्या घरात झोप येत नाय. जेवायचं तिथंच, शौचाला जायचं तिथंच, दार लावलं की वारा बंद.

बऱ्याच बोलाचालीनंतर पोरानं एक ठरवलं. म्हणाला, "आईच्या वर्षसराधाला भावकी जेवायला येईल. तुमी पंगतीत खाली बसा आणि आपले आपण उठा. उठलात तर हितं राहा, मी परत विषय काढणार नाय. नाय उठलात तर त्याच दिवशी चलायचं."

आमच्याकडं पंगत जमिनीवरच बसते. आणि वरच्या टोकाला जो थोरला बसतो, तो उठेपर्यंत कोणी उठत नाय. जेवून झालं तरी उष्टे हात तसेच धरून बसायचं. भाऊ गेल्यावर भावकीत थोरला मीच. म्हणजे मी अडकलो की सगळी पंगत अडकणार. कोणी म्हणेल खुर्ची घ्यायची. पण पंगतीत खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याला कोणी थोरला धरत नाय. त्याला ताट आधी देतात आणि बाजूला करतात.

पुढच्या रविवारी पोरगा टेम्पोतून एक यंत्र घेऊन आला. कल्याणला त्याच्या वळखीच्या माणसाची व्यायामशाळा बंद झाली, तिथलं. लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर मागं-पुढं घरंगळणारी बैठक, पुढं जाळीत बसवलेला पंखा आणि त्यातून ओढायची साखळी, तिला दांडी. पाय पट्ट्यांनी बांधायचे. दांडी ओढली की पंखा घरघरतो. पोरगा म्हणाला याला रोइंग मशीन म्हणतात, होडी वल्हवल्यासारखा व्यायाम होतो, पाठीला, पायाला, सगळ्याला. सोबत सीडी होती. टीव्हीला प्लेअर जोडून त्यानं ती लावून दाखवली.

सीडीत एक दांडगा माणूस, आखूड चड्डी घातलेला. हिंदीत बोलायचा. "पीठ सीधी! पहले पैर, फिर हाथ! शाबाश!" मी मेलो तरी शाबाश, थांबलो तरी शाबाश.

मी पहिल्यांदा हातानंच ओढलं. विहिरीतून पोहरा शेंदतात तसं. खांदे भरून आले, पाय होते तसेच. तो माणूस मात्र परत परत तेच सांगायचा, आधी पाय. पायानं ढकला, हात मागून येईल. मग तसं केलं, तर मांड्या थरथरायला लागल्या. म्हटलं, इथंच दुखणं आहे.

वैनी कुंपणावरून विचारायची, "भावजी, एवढं वल्हवलंत, नदीकाठचं सापगाव तरी आलं का?"

"नाय, अजून ओटीवरच हाय."

"मग उलट्या दिशेनं चाललात. मुरबाडला जाल."

एक दिवस ती पेज घेऊन आत आली आणि दारातच थांबली. मी नेमका ओढ घेऊन मागं कललो होतो.

"अगं बाय! हे कोणी मांडलं असं?"

"पोरानं. का?"

"पाय कुठं हायत तुमचे बघा."

बघितलं. टीव्ही दक्षिणेच्या भिंतीला, म्हणून यंत्राचं तोंड तिकडं. माझे पाय दक्षिणेकडं बांधलेले, डोकं उत्तरेला. मेलेल्या माणसाला ठेवतात तसं. रोज सकाळी मी आपल्या हातानं तसा निजत होतो.

"घरात वरीस झालं नाय अजून," वैनी म्हणाली, "आणि तुमी पाय बांधून दक्षिणेकडं चाललात? फिरवा ते."

आमी दोघांनी मिळून ते यंत्र ओढत फिरवलं. दोघंही धापा टाकत बसलो. टीव्ही हलवायची सोय नव्हती, प्लग त्याच भिंतीला. मग सीडीवाला माझ्या पाठीमागं गेला. त्याचा नुसता आवाज यायचा. आणि समोर आलं चुलीच्या खोलीचं दार.

हे काय आमच्या ध्यानात आलं नव्हतं. आता दर ओढीला मी पुढं सरकायचो तेव्हा चूल दिसायची. वैनी जेवण तिच्या घरून आणायची, म्हणून चूल कित्येक महिन्यांत पेटली नव्हती. मडक्यांची उतरंड, तिच्यावर धूळ. जातं. बायको बसायची तो पाट भिंतीला उभा. मागून सीडीवाला बोंबलतोय, "और एक! हार नहीं मानना!" मी दांडी सोडून दिली. साखळी सटकन आत गेली.

काही दिवस मी यंत्रावर बसलोच नाय. बसलो की समोर तिचा पाट. वैनीला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पण तिकडून रोज बघते. तिचं जातं दिसतं. म्हणून काय मी भाकऱ्या थापायच्या थांबवल्या?"

"तुझं निराळं."

"निराळं काय? माझी जाव नव्हती ती? तुमाला ती संध्याकाळची दिसायची, भात वाढताना. मला दिवसभर होती."

दुसऱ्या दिवशी तिनं आमची चूल सारवली आणि तिथंच भाकऱ्या थापायला बसली. म्हणाली, बघायचं तर पेटलेली चूल बघा. धूर ओटीवर यायचा, डोळ्यांत जायचा. डोळे पुसायला कारण झालं.

खरी मेहनत कुठं हे मला तेव्हा उमगलं. सीडीवाला शेवटी हात जोडून "कल मिलेंगे" म्हणायचा आणि नाहीसा व्हायचा. मी मात्र खाली बसलेलाच. ती बैठक पाटापेक्षा थोडी उंच, बस. त्याच्यावरून उठायचं कसं हे त्यानं एकदाही सांगितलं नाय. त्याला कशाला सुचेल, तरणाबांड माणूस. पहिले दिवस मी भिंत धरायचो, वैनीचा हात धरायचो, एकदा तर रांगत खाटेपर्यंत गेलो. मग वैनीनं धरायचं बंद केलं. चुलीपासून हलायची नाय.

"जोर पायानं ना? मग आता कुठं गेला जोर?"

"जरा हात दे."

"माझे हात पिठाचे."

लाइट गेली की सीडीवाला मधेच मुका व्हायचा. मला ते बरं वाटायचं. पंख्याची घरघर आणि भाकरी थापल्याचा आवाज, एवढंच. मी थोडं ओढायचो आणि उठायचो, परत बसायचो, परत उठायचो. पोरानं यंत्र ओढायला आणलं होतं, मी ते उठायला वापरलं. कंटाळा यायचा. कशासाठी उठायचं, हा प्रश्न रोज यायचा. तरी उठायचो.

वर्षसराधाला भावकी आली. पोरानं विधी केला, कावळ्याला पान ठेवलं, मग ओटीवर पंगत बसली. मी वरच्या टोकाला, पाटावर. पत्रावळीवर भात, वडे, खीर. तिच्या सराधाची खीर मला गिळवेना, पण पानावर टाकायची नसते म्हणून गिळली. बघतो तर सगळ्यांचं जेवून झालेलं. सगळे माझ्याकडं बघतात आणि बघत नाय असं दाखवतात. पोरगा वाढायचं भांडं हातात धरून उभा.

मी उठायला गेलो आणि बसलो. परत गेलो. गुडघ्यात कळ आली. कोणी तरी खोकलं. एक चुलतभाऊ म्हणाला, "सावकाश, घाई नाय." त्याचे हात वाळून पांढरे झाले होते.

आतून वैनीचा आवाज आला, "भावजी, पाय आत घ्या!"

पाय आत घेतले. पुढं झुकलो. डावा हात भुईला टेकला आणि ढकललं. एकदाचा उभा झालो, पण डोकं गरगरलं. पंगत माझ्या मागोमाग उठली. सगळे हात धुवायला पळाले.

अंगणात पोरगा माझ्या हातावर पाणी घालत होता. हळूच म्हणाला, "हात टेकलात."

"टेकला."

मागून वैनी. "टेकला तर काय झालं? भुई त्याची हाय. हात टेकंल, नायतर लोळंल."

पोरगा हसला. बऱ्याच दिवसांनी हसताना बघितला, आईसारखाच हसतो. म्हणाला, "राहा मग."

संध्याकाळी सगळे गेले. घर मला मिळालं. वाटलं होतं की बरं वाटेल. तसं काय झालं नाय. आसनगावला गेलो असतो, तर बायको गावाला घर सांभाळून आहे असं मनाला फसवता तरी आलं असतं. हितं राहिलो, तर ती नाय हे रोज सकाळी नव्यानं कळतं. त्याला किती वर्षं झाली, अजून कळतंच आहे.

पोराला हे मी कधी सांगितलं नाय. सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी माझं बोचकं बांधायला आला असता.