मुकादमाचं नाव सांगा!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? सोलापुरात काही दिवस लोक मला धाडसी माणूस समजत होते, आणि तेही निव्वळ मी एका कार्यक्रमाला उशिरा पोचलो म्हणून!

तेव्हा मी एका कापडगिरणीत कारकून होतो. त्या संध्याकाळी नव्या पेठेत काशिनाथपंतांच्या पुस्तकाच्या दुकानात गेलो, पंचांग घ्यायला. बघतो तर सतरंज्या अंथरलेल्या, माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि समोर खुर्चीत एक सावळे, किडकिडीत गृहस्थ पुस्तकातून वाचतायत. खुर्चीला काठी टेकवलेली.

"बसा, बसा," पंत कुजबुजले. "लेखक आहेत, पुण्याहून आलेत. नंतर चहा आहे."

चहा आहे म्हटल्यावर कोण उठतो? मी मागच्या भिंतीला टेकलो. विषय काय, कशाचा पत्ता नाही!

लेखक वाचत होते, "पहाटेच आम्हाला कापसाच्या कामाला जुंपायचे. हात थांबला की मुकादमाचा चाबूक पाठीवर. एकदा मी उलट उत्तर दिलं, तर त्यानं काठी घालून माझा पाय मोडला. मालक ओसरीवर बसून बघत होता."

माझी नजर गेली खुर्चीजवळच्या काठीकडे. अरेरे!

कापूस, मुकादम, मालक. तुम्हीच सांगा, सोलापूरच्या माणसाला दुसरं काय वाटणार? हा बिचारा इथल्याच कुठल्या तरी गिरणीत राबलेला! आमच्याकडेही असाच एक मुकादम होता. हातात कायम छडी, बायकांवरसुद्धा उगारायचा. मी रोज बघायचो आणि मान खाली घालून आकडे मांडायचो.

लेखकांनी पान उलटलं. "आणि एक दिवस मालकानं माझ्या आईला विकलं."

आईला विकलं? सोलापुरात? मी ताडकन उभा राहिलो.

"थांबा! कोण तो मुकादम? नाव सांगा! आणि तो मालक, माणूस आहे का कोण? आत्ता चला त्याच्या दारात! एवढी माणसं बसलीत, एकालाही लाज वाटत नाही?"

लेखकांनी चष्मा काढला.

"आपली कळकळ समजली. पण ते दार अमेरिकेत आहे. आणि मालक वारला, त्यालाही जमाना झाला."

"अमेरिकेत? मग तुमचा पाय?"

"माझा पाय सायकलवरून पडून मुरगळलाय. मी ज्यांचं चरित्र लिहिलंय, त्यांचे हे शब्द. ते गुलामीतून पळाले आणि जन्मभर गुलामगिरी बंद करा म्हणून गावोगाव बोलत हिंडले."

काय हशा पिकला म्हणता! पण मला खरा घाम फुटला तो पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांनी मान वळवली तेव्हा. आमच्याच गिरणीचे शेटजी! एकटे तेच हसत नव्हते.

चहा न घेताच मी घर गाठलं. बायको म्हणाली, "दूधवाल्याला पाणी कमी घाल म्हणायची तुमची छाती होत नाही, आणि शेटजींसमोर ओरडलात?"

सकाळी शेटजींचं बोलावणं आलंच. नोकरी गेली, असं धरूनच मी आत शिरलो.

"लोक हसले," शेटजी म्हणाले, "पण मला कळलं. अमेरिकेचं निमित्त, बोलणं आपल्या मुकादमाबद्दल. छडीचं माझ्या कानावर होतं, मीच काणाडोळा केला. आज त्याला काढलंय."

आता खरं सांगायला हवं होतं, नाही का? मी काय बोललो? "कर्तव्यच आहे, शेटजी!"

दुपारी मागावरचे म्हादबा दोघाचौघांना घेऊन आले. "रावसाब, लई धाडस केलं बगा तुमी!"

"त्यात काय," मी टोपी सरळ केली.

"मग एक काम करा की. हितं प्यायला धड पानी न्हाय. उद्या मालकाशी तुमीच बोला. आमी मागं हुबं ऱ्हातो."

उद्या? दुसऱ्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते आठवडाभर थांबेना.

कामावर परतलो तर नवा नळ! म्हादबा हसत पुढं आले. "तुमी आजारी, म्हनून मीच गेलो. म्हनलं, रावसाबांनी धाडलंय. लगीच व्हय म्हनले की!"

हे घरी सांगितलं. बायको म्हणाली, "मग तुम्ही अंथरुणातच पडून राहत जा. गिरणीचं भलं होईल!"