भावी डॉक्टरची आत्या

चतुराबाई पहिल्याच दिवशी माझ्याशी भांडली. मी तिच्या भावाला खोलीचे नियम सांगत होते. पाहुणे राहणार नाहीत, मिरच्या भाजायच्या नाहीत, बाहेरचा दिवा लवकर बंद करायचा. भाऊ मान डोलवत होता. ही गुंडाळलेल्या गादीवर बसली होती, तिथूनच म्हणाली, "मिरची नाई भाजाची त ठेचा काय कच्चा खाचा? पोराले शिकवाले आनलं का उपाशी माराले?" मी म्हटलं, बाई, घर माझं आहे. ती म्हणाली, "घर तुमचं, मालकीनबाई. पोट आमचं हाय." त्याच संध्याकाळी मिरच्या भाजल्या गेल्या आणि आम्ही सगळे खोकत बसलो.

आमची गल्ली वाशीमच्या क्लासेसच्या मागं आहे. दर जूनमध्ये इथं छोटे टेम्पो येऊन लागतात. टेम्पोतून एक पोरगं उतरतं, एक गादी, गव्हाचं पोतं, गॅसची शेगडी आणि एक बाई. बाई म्हणजे कधी आई, कधी आजी, कधी कुणी काकू. घरातून जिला हलवलं तरी शेतीचं काम अडत नाही, अशी कुणीतरी. पोराला डॉक्टर व्हायचंय का हे जसं कुणी विचारत नाही, तसं वाशीमच्या एका खोलीत दोन वर्षं स्वयंपाक करायचाय का हे तिलाही कुणी विचारत नाही. बाप भाडं ठरवतो, पोराच्या पाठीवर थाप मारतो आणि निघून जातो. मला या बापांचा राग येतो. त्यांच्याच भाड्यावर माझं घर चालतं, तरी येतो.

चतुराबाई रिठदची. लग्न होऊन मंगरूळपीरकडे गेली होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हा ही आपली पेटी उचलून भावाकडे परत आली. तिला न्यायला कुणी आलं नाही आणि तिनंही वाट पाहिली नाही. भाऊ भागवत तिच्याहून लहान. त्याचं लग्न तिनंच जमवलं. रूपाली भावजय म्हणून आली, किशन झाला आणि सोयाबीनच्या सोंगणीला माणूस कमी पडलं. रूपाली शेतात गेली आणि तान्हं पोरगं चतुराबाईच्या मांडीवर आलं. ते तिथून पुन्हा उतरलं नाही.

तिनं पोराला लाडात वाढवलं नाही. सातेक वर्षांचा असताना त्यानं दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बोरं खिसा भरून आणली, तर ती त्याला हाताला धरून मालकाच्या दारात घेऊन गेली आणि त्याच्याच तोंडून सांगायला लावलं. मालक म्हणाला, लेकरू आहे, जाऊ द्या. ही त्या मालकावरच उखडली, "लेकरू हाय म्हनूनच आता सांगून राह्यली. मोठं झाल्यावर सांगाले पोलीस असतात." रूपालीनं पोराचं उष्टं ताट उचललं की ही ओरडायची, "त्याच्या हाताले काय मेंदी लागली का?" किशन चौथीत असतानाच भाकरी थापायला शिकला होता. माझ्याकडे राहायला आल्यावर मी पाहिलं, भांडी तो घासायचा, कपडे ती धुवायची. माझ्या स्वतःच्या मुलानं आजवर चहाचा कप विसळलेला नाही, त्यामुळे मी या विषयावर चतुराबाईशी कधी वाद घातला नाही.

असं पोरगं. आणि त्याचं काय करायला निघाले होते सगळे मिळून.

दर रविवारी क्लासची परीक्षा असायची. मार्क पोराच्या आधी बापाच्या मोबाईलवर जायचे. भागवतचा फोन यायचा तो आत्याच्या फोनवर, आणि तिला फोन कानाला लावायची सवय नसल्यानं सगळं स्पीकरवर. मी मागच्या अंगणात असले तरी ऐकू यायचं. "किती आले?" माहीत असूनही विचारायचा. मग क्लासमधल्या गावच्याच दुसऱ्या पोराबद्दल, "रामधनच्या पोराले किती आले?" मग "पुढच्या रविवारी पाहू." जेवलास का, हे वाक्य नव्हतं. थंडी आहे का तिकडे, हे वाक्य नव्हतं. बाजारात ढेपेचा भाव विचारतानासुद्धा माणूस आधी रामराम करतो.

दिवाळीच्या आधीपासून किशनला शनिवारी जेवण जाईना. जेवला तर ओकायचा. चतुराबाईला वाटलं क्लाससमोरच्या हातगाडीवरच्या समोशाचं तेल वाईट. ती जाऊन त्या गाडीवाल्याशी भांडली. तरी थांबेना. मग तिला वाटलं माझ्या टाकीचं पाणी वाईट. ती माझ्याशी भांडली, मी टाकी धुवून घेतली, तरी थांबेना. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि सांगितलं की पोटात काही नाही, पोराशी बोला.

ती बोलली. फेब्रुवारीतल्या एका दुपारी दोघं माझ्या अंगणात गहू निवडत बसली होती आणि मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. मला उठून जायला सांगायची तिला गरज वाटली नाही, आणि मीही गेले नाही.

"किशन, खरं सांग. काय दुखून राह्यलं तुले?"

त्यानं दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाला, "आत्या, मले त्यातलं काईच समजत नाई. मी मांगं बसतो. सर शिकवतात, सगळे लिवतात, मी बी लिवतो. पन समजत नाई."

"कधीपासून?"

"पयल्या महिन्यापासून."

मी वाट पाहत होते की आता ही भडकणार. ती भडकली नाही. "मंग तुले काय करू वाटते?" तिनं विचारलं.

"मले नाई मालूम. पन हे नाई."

मला ते उत्तर फार आवडलं. सोळा वर्षांच्या पोराला आपलं पुढं काय हे माहीत नसतं, नसावंच. आम्हाला कुठं माहीत होतं? पण आजकाल पोरगं दहावीच्या परीक्षेतून बाहेर यायच्या आत त्याच्या नावापुढं काय लागणार हे ठरलेलं असतं.

"मंग घरी चाल," चतुराबाई म्हणाली. "बापाले सांगू."

"घरी कसा येऊ? थांब्यावर फ्लेक्स हाय."

हा फ्लेक्स काय आहे ते मला तेव्हा कळलं. किशनला दहावीत चांगले मार्क पडले, तेव्हा भागवतनं मित्रांसोबत रिठदच्या बसथांब्यावर मोठा फ्लेक्स लावला. कुणाच्या तरी धडाला पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि वर किशनचं डोकं चिकटवलेलं. 'गावाचं भूषण, भावी डॉक्टर.' खाली हात जोडलेला भागवत आणि शुभेच्छुकांची रांग. जानेवारीत किशनच्या वाढदिवसाला तोच फ्लेक्स पुन्हा, पण दुप्पट मोठा. पहिला फ्लेक्स लागला तेव्हापासूनच गावात त्याला कुणी किशन म्हणेना. पारावरची म्हातारी माणसं हात पुढं करून नाडी बघ म्हणायची. काहींची थट्टा होती, काहींची तीही नव्हती, आणि तेच जास्त वाईट. पोळ्याला हा गेला नाही, क्लास आहे म्हणाला. दिवाळीला गेला नाही, जास्तीचा क्लास आहे म्हणाला. चतुराबाईनं एका शेगडीवर त्याच्यासाठी करंज्या तळल्या आणि माझ्याजवळ कौतुक केलं की पोरगं किती मन लावून अभ्यास करतं. मीही मान डोलावली होती. आपल्याच घरी जायला लाजणारं पोरगं आम्हा दोन शहाण्या बायांना अभ्यासू वाटलं.

घरी न जाण्याचं खरं कारण कळल्यावर मात्र ती पेटली. सूप बाजूला सारून उभी राहिली. "जो फ्लेक्स पाहून लेकरू घरी येत नाई, तो फ्लेक्स कोनासाठी लावला त्यानं? लेकरासाठी का सोतासाठी?" मी म्हटलं, फोन करा भावाला. म्हणाली, "फोनवर भांडाची गोष्ट नाई हे."

रविवारी सकाळी किशन पेपरला निघाला तर तिनं त्याचं दप्तर काढून घेतलं. "आज पेपर नाई. गाडी हाय." रिसोडच्या गाडीत आम्ही तिघं बसलो. मी कशाला गेले, असं आमच्या ह्यांनी नंतर विचारलं. मी सांगितलं, ही एकटी गेली असती तर कुणाचं तरी डोकं फोडून आली असती. खरं सांगायचं तर मला त्या भागवतचं तोंड पाहायचं होतं.

रिठदला उतरलो तर फ्लेक्स समोरच. चहाच्या टपरीच्या बाजूला बांबूंवर ताणलेला. किशन त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. हरभरा सोंगायला निघालेली एक बाई आमच्याच गाडीतून उतरली होती. चतुराबाईनं तिच्या हातातला इळा मागितला, टपरीचं बाकडं ओढलं आणि त्यावर चढली. त्या वयात, नऊवारीत. वरची एक दोरी कापली, बाकडं सरकवलं, दुसरी कापली. फ्लेक्सचं तोंड खाली लोंबलं. मग उतरून तिसरी कापली. चहा पिणारे उठून उभे राहिले आणि दोघातिघांनी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. मी एकाच्या अंगावर ओरडले की तुझ्या घरी पोरं नाहीत का रे. तो हसला. कुणीतरी भागवतला फोन केला असावा, कारण तो मोटारसायकलवर आला तेव्हा त्याच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती.

"बाई, काय करून राह्यली तू? येड लागलं का?"

"तुले लागलं ते काढून राह्यली. पोट्टं तिथं शनवार आला का ओकते. विचार त्याले."

"आज पेपर होता त्याचा."

"पेपर बुडाला. लेकरू नाई बुडू देत मी."

भागवत वाईट माणूस नाही, हे मला तिथं उभं राहूनच कळलं आणि माझा राग आणखी वाढला. वाईट असता तर सोपं होतं. तो सगळ्यांच्या देखत हात दाखवत म्हणाला, "या हातानं फवारे मारले मी. शाळा सोडली. माझं पोरगं सावलीत बसावं म्हनून करून राह्यलो. तुले काय समजते? तुले लेकरू असतं त समजलं असतं."

चतुराबाईच्या हातात इळा तसाच राहिला. भांडणात ही बाई कधी अडली नव्हती. हातगाडीवाल्याशी नाही, क्लासच्या वॉचमनशी नाही, माझ्याशी तर नाहीच. त्या दिवशी अडली.

बोलला तो किशन. आठ महिने माझ्या घरात राहून या पोराचा आवाज मी कधी भिंतीपलीकडून ऐकला नव्हता. आता तो सगळ्या थांब्याला ऐकू गेला.

"आत्याले लेकरू नाई म्हन्ता, बाबा? मंग मी कोन हाय? मले कोनं वाढोलं?"

किशन आत्याकडे वळला. राग तसाच होता, उलट जास्त.

"आन तू. तुले कोनं सांगतलं होतं कापाले? मले विचारलं? तिकडे बाबा न विचारता बांधतात, इकडे तू न विचारता कापते. सगळे इथं शूटिंग काढून राह्यले. मले डॉक्टर नाई व्हाचं, हे मले सांगाचं होतं. माह्या तोंडानं."

मी चतुराबाईकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. या पोराला रागावता येतं, हे तिलाही त्या दिवशीच कळलं असावं. तिनं इळा त्या शेतकरीण बाईला परत दिला आणि पदरानं तोंड पुसलं.

"चुकलं माहं," ती म्हणाली. मी तिच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा ऐकत होते. "एक कोपरा राह्यला हाय. तुले वाटंल ते कर."

खालचा एक कोपरा अजून बांबूला बांधलेला होता. किशन गेला आणि खाली बसून ती गाठ सोडवायला लागला. गाठ पक्की होती, वर्षभर टिकावी अशी मारलेली. नख लागेना. तो दात लावायला गेला, तरी सुटेना. शूटिंग काढणारे कंटाळून मोबाईल खिशात घालायला लागले. मागून आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला, कुणी हललं नाही.

भागवत अनवाणी पायानं पोराजवळ येऊन उभा राहिला. मला वाटलं आता हा मारतो, आणि मी दोन पावलं पुढं झाले. तो खाली वाकला.

"तशी नाई सुटत ते," तो म्हणाला. "मी बांधली हाय. थांब, इकून वढा लागते."