जीपचं हँडल

माझा धाकटा भाऊ नाशिक रोडला राहतो आणि काम असल्याशिवाय दिंडोरीला फिरकत नाही. म्हणून मागच्या हिवाळ्यात तो मेकॅनिकला घेऊन मळ्यात आला आणि म्हणाला, "दादा, आप्पांची जीप चालू करू," तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वडील गेल्यापासून जीप शेडमध्ये, गंधकाच्या गोण्यांशेजारी उभी होती. इतकी वर्षं याला तिची आठवण नव्हती, आत्ताच बरा उमाळा आला! आमच्याकडे वायनरी बघायला येणारे पाहुणे वाढलेत आणि दारात जुनी जीप उभी करायची हॉटेलवाल्यांना भारी हौस. याने नक्की एखादं गिऱ्हाईक धरलं असणार. मला ती विकू द्यायची नव्हती. वडिलांची म्हणावी अशी तेवढीच वस्तू उरली होती.

मजुरांना बागेत सोडून मी शेडमध्ये ठाण मांडलं. मेकॅनिकने प्लग काढले, आत थोडं ऑइल सोडलं आणि पंखा धरून जोर लावला. इंजिन जाम निघावं, असंच मला वाटत होतं. जाम इंजिनाला गिऱ्हाईक कुठलं? पण पंखा मुकाट फिरला.

"शेठ, हे जाम नाय," मेकॅनिक म्हणाला. "उभ्या गाडीचं इंजिन असं फिरत नाय. कोणीतरी अधूनमधून फिरवत असणार."

मी भावाकडे पाहिलं. "म्हणजे तू गुपचूप येऊन बघून गेलास?"

"मी? मळ्यात तू राहतोस. तूच कुणाला तरी दाखवली असशील."

माझं डोकंच फिरलं. मेकॅनिकने आमच्याकडे लक्ष न देता कार्बोरेटर धुतला, नवं पेट्रोल भरलं आणि हँडल मागितलं. सेल्फ मेलेला होता, हँडल मारल्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती. हँडल कायम सीटखाली असायचं. आता तिथे नव्हतं. आम्ही पुन्हा एकमेकांवर घसरलो.

तेवढ्यात आई घरातून हँडल घेऊन आली. फडक्यात गुंडाळलेलं, तेल लावलेलं.

"मीच फिरवत व्हते," ती म्हणाली. "दसऱ्याला पूजा झाली की हँडल फिरवायचं, हा तुमच्या आप्पांचा नेम. बंद गाडीला नुसती फुलं वाहू नये म्हणायचे. तुम्ही सोनं द्यायला गावात गेले की मी फिरवायची."

हल्ली ती भिंत धरून चालते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"बंद हाय म्हणून तर इथं राहिली. चांगली हाय कळलं असतं तर कवाच इकली असती."

"याने ना?" मी भावाकडे बोट केलं.

"दोघांनीबी."



मेकॅनिकने हँडल मारलं. जीप खोकली, निळा धूर सोडला आणि धडधडायला लागली. आई बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. ती रडत होती आणि धुराला नावं ठेवत होती.

इंजिन बंद झाल्यावर तिने मेकॅनिककडून हँडल मागून घेतलं, पुसलं आणि आत नेलं. कुठे ठेवलं ते तिने आम्हाला अजून सांगितलेलं नाही.