पत्रकातून गाळलेलं वाक्य

सुमन मांडवकर. लांज्यातल्या एका कारखान्यात काजू फोडायची. २००१ च्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी साडेनऊला सुपरवायझरनं तिला गेटबाहेर काढलं. तळहात सोलले होते, गराला डाग पडत होते. काजूच्या टरफलात चीक असतो, तो कातडी जाळतो. हात जळले कारखान्याच्या कामानं, आणि शिक्षा तिलाच!

मी तेव्हा चोवीस वर्षांची. रत्नागिरीत कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. वीस मिनिटांत पत्रक तयार केलं. ‘धिक्कार’ तीनदा. सोमवारी गेटसभा होती, आणि त्यानंतर सुमनच्या जागी दुसरी बाई बसणार होती.

दामूअण्णा आमचे छापखानेवाले. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची कच्ची प्रत, त्यांनी वाचली आणि चष्मा काढला.

“सुमनचं नाव खोडून कुसुम घातलं, तर काय बदलेल गो?”

“अन्याय तोच राहील, अण्णा!”

“तेच म्हणतोय. यात सुमन नायच.”

मला रागच आला. अण्णांनी कपाटातून एका नर्सबाईंचं आत्मकथन काढलं. चुकीची छापलेली एक लग्नपत्रिका ओळीखाली धरून उरलेलं पान झाकलं.

“डॉक्टरांनी पेशंटसमोर बाईंना मूर्ख म्हटलं. पुढे काय लिहिलं असेल?”

“ठणकावलं असेल त्यांनी.”

पत्रिका खाली सरकली. बाई गप्प बसल्या होत्या, आणि घाबरून बँडेज पेशंटच्या धड पायालाच गुंडाळलं होतं.

मी खुर्चीतून उठलेच! “हे कशाला लिहिलं? यात त्यांचीच चूक दिसते.”

“पण आता त्या खऱ्या वाटल्या की नाय?”

तीन दुपारी आम्ही असंच वाचलं. जेमतेम अकरा पानं झाली. माझे अंदाज धडाधड चुकत होते, आणि इतकी मजा मला वाचताना कधी आली नव्हती. बाई स्वतःला जिथे सोडत नव्हत्या, तिथेच माझा डॉक्टरवरचा राग वाढत होता!

शनिवारी पहिली एसटी धरून लांज्याला गेले.

“सुमनताई, त्या दिवशीचं काय सांगायचं राहिलं?”

तिनं हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, “राख चोळली नव्हती.” चीक लागू नये म्हणून बायका आधी हाताला राख चोळतात. “पातेलं रिकामं होतं. मागायला हवी होती. सुपरवायझर खेकसेल म्हणून तशीच बसल्ये. चूक माझीच.”

“हात कसे आहेत आता?”

“भात चमच्यानं जेवत्ये. पोरगी म्हणते, आये, तू साहेबीण झालीस!” ती हसली.

“हे छापू?”

“छापा. खोटं थोडंच हाय?”

संघटनेचे पुढारी, भाऊ, नवं पत्रक वाचून भडकले. “राख लावली नव्हती? मालकाच्या हातात आयतं हत्यार देतेस?”

“ते वाक्य गेलं तर पत्रकही गेलं, भाऊ. दुसरं तुम्ही लिहा.”

दुसरं लिहायला वेळच नव्हता. छापलं.

सोमवारी गेटवर एकीनं ते मोठ्यानं वाचलं. रिकाम्या पातेल्यापाशी आली, तोच मागून आवाज आला, “अगो, ते महिनाभर रिकामंच हाय!” मग दुसरी बोलली. मग हात वर झाले. घोषणेसाठी नव्हेत, तळवे दाखवायला. सगळे सोललेले. मालकाला बाहेर येऊन सुमनला परत घ्यायचं कबूल करावं लागलं.

हात बरे झाल्यावर, पंधरा दिवसांनी, सुमन आपल्या जागेवर बसली. राखेचं पातेलं रोज भरायला लागले. सुपरवायझर मात्र तोच राहिला.

‘धिक्कार’ मी अजून लिहिते. पण शेवटी, आणि एकदाच.

तुमच्या ओळखीत अशी कुणी सुमन असेल, तर आमच्याकडे नुसतं पत्रक मागायला येऊ नका. आधी तिच्याकडे जा. लाजून तिनं गाळलेलं वाक्य विचारा. ते घेऊन या.